छर्रे शिशाचे की तांब्याचा मुलामा दिलेले? (१० मीटर एअर रायफल, नाशिक)

मनवाची_आई
नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज गरजेपोटी धागा काढतेय. मुलगी नववीत आहे, गंगापूर रोडकडच्या एका रेंजवर १० मीटर एअर रायफल करते. इतके दिवस क्लबची रायफल आणि क्लबचेच छर्रे, त्यामुळे आम्हाला डोकं लावावं लागलं नाही. आता तिच्यासाठी सेकंडहँड मॅच रायफल घेतलीय (हवेच्या सिलिंडरची मुदत बघूनच घेतली, कोणी विचारायच्या आत सांगते) आणि छर्रे आपले आपण आणायचे आहेत.

दुकानात गेलो तर दुकानदार म्हणाला, मॅडम कॉपर कोटेड घ्या, नळी खराब होत नाही, हाताला शिसं लागत नाही, सरळ जातात. दिसायला एकदम चकचकीत. कोच म्हणतात साधे शिशाचे, चपट्या तोंडाचे मॅचवालेच, आणि त्यातही डोक्याचा व्यास ४.४९ मिमी की ४.५० ते आधी बघा. त्यात माझे दीर टेक्सासला असतात, ते गॅरेजमध्ये स्वतःची काडतुसं स्वतः भरतात, ते म्हणाले वहिनी मी तर प्लेटेडच वापरतो, स्वस्त आणि मस्त. आता ऐकू कोणाचं? आणि हे एक शतांश मिलिमीटरचं प्रकरण खरं आहे की विकायची टूम?

कॉलेजरोड_काका
चकचकीत बघून काय घ्यायचं ते सराफ बाजारात घ्यावं. छर्रे कोचला विचारून घ्या.

निफाडकर
काका +१ 😄

पहिलाशॉट_दहा
ताई, कोच बरोबर आहेत. १० मीटरला चपट्या तोंडाचेच लागतात, कारण ते कागदाला पंचसारखं गोल भोक पाडतात. टोकदार किंवा गोल डोक्याचा छर्रा कागद फाडतो, मग रेषेला लागलंय की नाही यावर वाद. आता इलेक्ट्रॉनिक टार्गेट आली तरी तुमच्या रेंजवर सरावाला कागदच असेल ना? कॉपरवाल्यांत बहुतेक माल गोल किंवा टोकदार डोक्याचा असतो, तो शिकार आणि फील्ड टार्गेटसाठी (मैदानात लांबवरच्या निशाण्यांची स्पर्धा) बनवलेला. दुकानदाराला १० मीटर म्हणजे काय हे माहीत असेलच असं नाही, त्याच्याकडे जे पडून आहे ते तो विकणार.

आणि एक महत्त्वाचं. तांब्याच्या रंगाच्या गोल गोळ्या मिळतात, त्या बीबी. आतून स्टील असतं. त्या चुकूनही मॅच रायफलमध्ये घालू नका, नळीतल्या खाचांची वाट लागेल आणि कठीण जागी लागून उलट येतात ते वेगळंच.

मनवाची_आई
बीबी नाहीत, कमरेला बारीक असतात ना, तसेच आहेत. पण डोकं गोल आहे खरं. कागदाचं लक्षातच आलं नव्हतं, धन्यवाद.

ह्यूस्टनचा_नाशिकरोडकर
दिरांच्या वतीने मी बोलतो, मीही इकडे तेच उद्योग करतो 🙂 तुमचे दीर खोटं बोलत नाहीयेत पण ते वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलतायत.

पिस्तुलाच्या काडतुसातली गोळी साधारण तीन प्रकारची. उघडं शिसं, जॅकेटेड म्हणजे शिशाभोवती तांब्याच्या मिश्रधातूची जाड वाटी ओढून बसवलेली, आणि प्लेटेड म्हणजे शिशाच्या गाभ्यावर विजेने तांब्याचा थर चढवलेला. प्लेटेड ही मधली. जॅकेटपेक्षा स्वस्त, शिशापेक्षा हाताला आणि नळीला स्वच्छ, रेंजवर धूर कमी. पण तो थर इतका पातळ असतो की आतल्या शिशाचा मऊपणा काही जात नाही. म्हणून वेग मर्यादेत ठेवायचा, बहुतेक प्लेटेडला सेकंदाला १२०० फुटांच्या आसपासच थांबा असं बनवणारेच सांगतात, जाड थरवाल्यांना थोडी जास्त सूट.

खरी गंमत क्रिंपमध्ये आहे. गोळी आत बसावी म्हणून केसचं (काडतुसाच्या पितळी नळकांड्याचं) तोंड आधी जरा फुलवून घेतात, गोळी बसली की ते परत मिटवायचं, तो क्रिंप. जॅकेटेडला तुम्ही कचकचून दाबलं तरी चालून जातं. प्लेटेडला तसं केलं की केसची कड थर कापून शिशात घुसते, मग गोळी नळीतून फिरत जाताना तांब्याचं साल निघतं, नळीत शिसं साचतं आणि गोळी कागदावर आडवी लागते, भोक किल्लीच्या भोकासारखं दिसतं. म्हणून प्लेटेडला टेपर क्रिंप (तोंड हळूच निमुळतं करणारा), तोही फक्त फुलवलेलं तोंड सरळ होईपर्यंत, त्यापुढे अर्धा आटासुद्धा नाही. ९ मिमीचं काडतूस चेंबरमध्ये केसच्या तोंडावरच टेकतं, त्यामुळे तिथे कड आत वळवणारा रोल क्रिंप तसाही चालत नाही. रिव्हॉल्व्हरवाले रोल क्रिंप करतात, कारण धक्क्याने बाकीच्या काडतुसांतल्या गोळ्या पुढे सरकतात, पण त्यासाठी गोळीला खाच हवी आणि प्लेटेडला बहुधा ती नसते.

तपासायची पद्धत सोपी. एक काडतूस भरून ते हातोडीसारख्या पुलरने परत उपसायचं आणि गोळी उजेडात धरून बघायची. पुसट गोल रेघ दिसली तर ठीक, नख अडकेल अशी चर दिसली तर डाय (क्रिंप करणारा साचा) वर घ्यायचा. आणि दुसऱ्या बाजूने, तयार काडतुसाचं नाक टेबलावर अंगठ्याने दाबून बघायचं, गोळी आत सरकली नाही पाहिजे. आत सरकली तर दाब कुठल्या कुठे जातो. ती पकड केसच्या घट्टपणाने यायला हवी, क्रिंपने नाही, हे इकडच्या नवशिक्यांना शंभरदा सांगावं लागतं.

आता यातलं तुमच्या लेकीच्या रायफलला काय लागू? काहीही नाही 😀 एअर रायफलला केस नाही, क्रिंप नाही, दारू नाही.

गोदाकाठचा_गण्या
एवढा मोठा प्रतिसाद आणि शेवटी काहीही नाही 😂😂 नाशिकरोडची गाडी लेट का असेना, पण येते.

हरिश्चंद्र_पाटील_नाही
पण हे आपल्याकडे करता येतं का? म्हणजे घरी काडतुसं भरणं. माझ्याकडे आजोबांच्या नावची १२ बोअर होती, तेव्हा गावाकडे लोक पितळी केस परत भरायचे असं ऐकलंय.

पहिलाशॉट_दहा
नका हो नादी लागू. आर्म्स ॲक्ट १९५९ नुसार काडतुसं बनवायला वेगळं लायसन्स लागतं, बंदुकीचं लायसन्स असलं म्हणजे ते आलं असं नाही. .१७७ बोअरच्या २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला लायसन्स लागत नाही म्हणून तर आपली पोरं इथून सुरू करतात. मॅच रायफल साडेसात ज्यूलच्या आसपास असते.

संपादक
दारूची मापं, कृती वगैरे इथे नको. क्रिंपपर्यंत ठीक आहे. चालू द्या.

देवळालीचा_तोफची
तोफखान्यात नोकरी झाली, आता देवळालीतच स्थायिक. ह्यूस्टनकरांचं वाचून मजा आली. तोफेच्या गोळ्यालाही तांबं असतं बरं का. गोळा पोलादी, तो नळीतल्या खाचांत घुसणार कसा? म्हणून मागच्या बाजूला तांब्याचा पट्टा, ड्रायव्हिंग बँड. तो खाचांत चावतो, गोळा फिरतो आणि मागचा गॅस पुढे निसटत नाही. म्हणजे पोलादासमोर तांबं हे मऊ म्हणून घेतलंय. तुमच्या छर्‍यात उलटं, शिसं आधीच मऊ आहे, त्यावर तांबं चढवलं की ते कडक होतं. साडेसात ज्यूलच्या फुंकरीला कडक माल कशाला द्यायचा? खाचांत नीट बसायला मऊच बरं.

आणि लॉटचं (एका वेळी बनलेल्या मालाचं) म्हणाल तर तोफेलाही दारूचा लॉट आणि तिचं तापमान बघूनच हिशेब होतो. लॉट बदलला की गोळा दुसरीकडे पडतो. त्यामुळे कोच लॉट बघा म्हणत असतील तर ती टूम नाही.

कॉलेजरोड_काका
साहेब, तोफेची आणि पोरीच्या रायफलची तुलना? 😄 पण मुद्दा पटला.

सातपूरचा_फिटर
शतांश मिलिमीटरच्या प्रश्नाला कोणी हातच लावला नाही म्हणून लिहितो. टूलरूममध्ये आयुष्य गेलंय.

डब्यावर ४.५० लिहिलंय म्हणून घरचा वर्नियर काढून बसू नका. साध्या वर्नियरचा लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२ मिमी, तुम्ही शोधताय ०.०१. डिजिटलवर दोन दशांश स्थळं दिसतात पण म्हणून ती खरी असतात असं नाही. मायक्रोमीटरने मोजलं तर रॅचेटच्या दाबानेच शिसं चेपतं, म्हणजे तुम्ही छर्रा मोजत नाही, दाबून बनवताय. आमच्याकडे एकाने हौसेने प्रोफाइल प्रोजेक्टरवर टाकले होते, स्पर्श न करता सावली मोठी करून मोजतात ते. एकाच डब्यात डोक्याचा व्यास सगळ्यांचा सारखा नव्हता, थोडा वरखाली होताच, आणि काही डोकी पूर्ण गोल पण नव्हती. म्हणजे डब्यावरचा आकडा ही सरासरी समजायची.

तरी फरक पडतो. कारण नळ्या पण सारख्या नसतात. एकीला ४.४९ आवडतो, तिच्याच कंपनीच्या शेजारच्या नंबरच्या नळीला ४.५०. मोजून कळत नाही, मारूनच कळतं.

निफाडकर
आमच्याकडे एक्स्पोर्टच्या द्राक्षाला अगदी हेच. रिंग लावून १६ की १८ मिमी बघतात आणि पेटीवर एकच आकडा छापतात, आत घड उघडून बघा मग कळेल 😄

अनघा_पंचवटी
मी पिस्तूल मारायचे, आता लेक मारते. वजनाचं कोणी बोललं नाही अजून. पिस्तूलवाल्यांना साधारण ०.४५ ग्रॅमचे हलके देतात, रायफलला ०.५३ च्या आसपासचे. घाईत भलताच डबा घेऊ नका, एकाच नावाने दोन्ही येतात, डबे पण सारखेच दिसतात.

गोदाकाठचा_गण्या
वजनावरून, आमच्या क्लबमध्ये एक गृहस्थ सोनाराचा काटा घेऊन बसतात आणि एकेक छर्रा मिलिग्रॅममध्ये मोजून वेगवेगळ्या डब्यांत भरतात. पोरगा बिचारा वाट बघत बसलेला असतो. याने काही होतं का?

पहिलाशॉट_दहा
हिशेब करून बघू. १७० मीटर प्रतिसेकंद धरला तर १० मीटर जायला साधारण ०.०६ सेकंद, तेवढ्यात छर्रा जेमतेम १७-१८ मिमी खाली येतो. वजनात एक टक्का फरक म्हणजे पाच मिलिग्रॅम. ऊर्जा तीच धरली तर वेगात अर्धा टक्का, आणि खाली येण्यात एक टक्का, म्हणजे ०.१८ मिमी. टार्गेटवर एक रिंग २.५ मिमीची, दशांशात ०.१ गुण म्हणजे ०.२५ मिमी. म्हणजे पाच मिलिग्रॅमचा फरक एक दशांश गुणापेक्षाही कमी. मॅच ग्रेडच्या डब्यात एवढा फरक क्वचितच असतो. काटा परत सोनाराला द्या.

अनघा_पंचवटी
हिशेब मान्य पण पूर्ण नाही. वजन कमी भरतं ते कशामुळे, तर स्कर्ट (छर्‍याचा मागचा पोकळ घेर) पातळ किंवा आत पोकळी. तसा छर्रा नुसता वरखाली जात नाही, तो डगमगतो आणि कुठेही जातो. तुमच्या हिशेबात तो धरलेला नाही. अर्थात त्यासाठी काटा लागत नाही, डोळे पुरतात. मी डबा कधीच हातावर ओतून घेत नाही, झाकण काढून वर मऊ फडकं ठेवून उलटा करते म्हणजे आपटत नाहीत. मग काचेच्या तुकड्याला जरा उतार देऊन त्यावरून घरंगळत सोडते. चांगले सगळे एकसारखं वळण घेऊन एका बाजूला येतात (डोकं आणि स्कर्ट यांचा व्यास वेगळा, त्यामुळे सरळ जात नाहीतच), चेपलेला मध्येच उड्या मारतो किंवा भलतीकडे जातो. तो बाजूला, तो पोझिशनच्या सरावाला.

पहिलाशॉट_दहा
हे बरोबर, हे पटलं. स्कर्ट चेपलेला असेल तर हवा एका बाजूने निसटते. कुरिअरमध्ये आपटून डबेच्या डबे वाया गेलेले बघितलेत, म्हणून महाग डब्यात स्पंज असतो किंवा प्रत्येकाला वेगळा खण असतो.

मूक_वाचक
धुवावेत का पण? यूट्यूबवर धुवून तेल लावतात.

अनघा_पंचवटी
नको.

ह्यूस्टनचा_नाशिकरोडकर
मी तर धुतो. फॅक्टरीचा भुगा निघतो आणि मग हलकासा वंगणाचा हात.

अनघा_पंचवटी
तुमच्याकडे फील्ड टार्गेट असेल, तिकडे वेग जास्त असतो, तिथे करत असतील. १० मीटरच्या वेगाला कोरडे जसे येतात तसे. आणि धुऊन नीट वाळले नाहीत तर शिसं पांढरं पडतं, आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये तर बघायलाच नको.

देवळालीचा_तोफची
शिशावरून आठवलं. पोरं छर्रे तोंडात धरतात, हे बंद करा आधी. आणि रेंजवरून थेट मिसळ खायला जातात, त्याच हातांनी पाव मोडायचा. साबणाने हात धुवायचे, नुसत्या सॅनिटायझरने शिसं जात नाही, ते फक्त पसरतं.

गोदाकाठचा_गण्या
नाशिकच्या मिसळीत तर्री एवढी असते की शिसं विरघळून जाईल 😂

देवळालीचा_तोफची
चेष्टा नाही हो, वाढत्या वयाच्या मुलांना शिशाचा त्रास जास्त. ताईंच्या दुकानदाराचं एवढं एकच वाक्य खरं होतं, मुलाम्याने हाताला कमी लागतं. पण त्यासाठी साबण स्वस्त आहे.

कॉलेजरोड_काका
मला एक कळत नाही, शाळेतल्या पोरीला एवढं सगळं कशाला? आधी ट्रिगर, श्वास, उभं राहणं. दोन चांगले शॉट आणि तिसरा आठच्या रिंगमध्ये जात असेल तर तो छर्‍यामुळे नाही. आपल्याकडे पालक सामानावर खर्च करून समाधान करून घेतात. क्रिकेटमध्ये पण हेच बघितलं, पोराला पाय हलवता येत नाही आणि बॅट इंग्लिश विलोची.

पहिलाशॉट_दहा
काका, निम्मं पटतं. पण उलट बाजू बघा, छर्रा फेकत असेल तर पोरीला वाटतं आपलंच चुकलं आणि ती चांगली पोझिशन बदलत बसते. एकदा रायफल क्लँपवर घट्ट बसवून तपासून घेतलं की त्यानंतर प्रत्येक चुकीची जबाबदारी तिची, तिलाही ते कळतं.

वरच्या पातळीवर तर याला पर्याय नाही. स्वप्नील कुसाळे, आपल्या नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकलेला, २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला ४५१.४ करून ब्राँझ. त्या प्रकारात .२२ चं काडतूस असतं, आणि त्या पातळीवरचे नेमबाज एली, लापुआ या काडतूस कंपन्यांच्या टेस्ट रेंजवर आपली नळी लावून लॉटमागून लॉट मारून बघतात आणि जो जुळतो त्याचा साठा उचलतात. आणि ती मॅचची .२२ ची गोळी उघड्या शिशाचीच असते, वरून मेणासारखं वंगण. तांबं बिंबं काही नाही.

ह्यूस्टनचा_नाशिकरोडकर
हे कबूल. इकडेही .२२ मॅच मारणारा प्लेटेडच्या वाटेला जात नाही. प्लेटेड .२२ मिळतं, पण ते रिकामे डबे उडवायला.

मनवाची_आई
सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. कोचशी बोलले, त्यांनी रविवारी रायफल क्लँपला लावून दाखवायचं कबूल केलंय. क्लबमधल्या तिघांकडून वेगवेगळे सुटे छर्रे मागून घेतलेत, आणि कॉपरचाही छोटा डबा घेतला, कुतूहल म्हणून. क्लँपला लावताना काही काळजी?

सातपूरचा_फिटर
नळी व्हाइसमध्ये धरू नका, बॉडीला धरा. जबड्यांत रबर किंवा चामडं घाला. टेबल हललं तर सगळं फुकट, टेबल भिंतीला टेकवा. आणि प्रत्येक शॉटनंतर परत आवळत बसू नका, एकदा लावलं की हात फक्त ट्रिगरला.

पहिलाशॉट_दहा
छर्रा बदलला की पहिले दहा-पंधरा मोजायचे नाहीत, नळीला नवीन शिसं बसू द्या. मग दहाचा एक ग्रुप (एकाच नेमाने मारलेले शॉट), एकच ग्रुप बघून ठरवू नका. चांगला लॉट असेल तर दहा भोकांचं मिळून एकच भोक दिसतं, बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत सहा मिमीच्या आत. कॉपरवाला सगळ्यात शेवटी मारा आणि नंतर फेल्टने (नमद्याच्या गोळीने) नळी पुसा.

मनवाची_आई
झालं काल. कोणाला उत्सुकता असेल तर सांगते. आर१० (छर्‍याचं नाव, फिनाले मॅच हेही तसंच) ४.४९ चा ग्रुप चांगला, पण ४.५० फिनाले मॅचचा त्याहून घट्ट, कोचनी परत मारून बघितला तरी तोच पुढे. तिसरा साधा सरावाचा शिशाचा, तो मला वाटलं होतं त्यापेक्षा बरा निघाला, महागातल्या आर१० च्या जरासाच मागे आणि किंमत निम्म्याच्याही खाली. कॉपरने भोकं अशी फाडली की कुठून कुठे मोजायचं हेच कळेना, पण साधारण दुप्पट पसरले. लेक म्हणाली आई, रोज साधेच वापरू आणि स्पर्धेला फिनाले. कोच म्हणाले स्पर्धेच्या आधीचा आठवडाही फिनालेच, नाहीतर साइटचे क्लिक बदलत बसावं लागेल.

कॉलेजरोड_काका
पोरगी हुशार आहे.

अनघा_पंचवटी
त्या ४.५० च्या डब्यावरचा लॉट नंबर लिहून ठेवा आणि त्याच लॉटचे डबे आत्ताच घ्या. पुढच्या वेळी त्याच नावाचा डबा घेतला तरी लॉट वेगळा असेल, मग परत क्लँप.

मनवाची_आई
तेच विचारायचं होतं. दुकानदार म्हणतो लॉट नंबर बघून देणार नाही, डबा जो हाताला येईल तो घ्या. कोणी एकत्र मागवतंय का? पूर्ण कार्टन घेतलं तर सगळे एकाच लॉटचे येतील असं कोच म्हणाले.

गोदाकाठचा_गण्या
आम्ही इंदिरानगरचे चौघं आहोत, पण आमच्यातल्या दोघांच्या नळीला ४.४९ लागतो.

अनघा_पंचवटी
मी दोन डबे घेईन. पण आधी एक डबा फोडून माझ्या लेकीच्या रायफलमध्ये मारून बघणार, मगच पैसे.

निफाडकर
घ्या, इथेही व्यापारी बांधावर येऊन चाखूनच भाव करतो 😄 ताई, गण्यांना व्यनि करा, ४.४९ आणि ४.५० ची दोन कार्टन निम्मी-निम्मी वाटून घेता येतील.